१२ व्होल्टच्या दिव्यांसाठी परवडणारा टायमर: आधी जागा ठरवा, मग बर्डीला जा

अंगणातले स्पाइक लाइट, फाटकाच्या खांबांवरचे दिवे, देवघरामागची एलईडी स्ट्रिप, जिन्याच्या पायऱ्यांखालची पट्टी हे सगळं आता बहुतेक घरांत १२ व्होल्टवर चालतं. दिवे संध्याकाळी आपोआप लागावेत आणि रात्री साडेदहा-अकराला आपोआप बंद व्हावेत, एवढीच आपली अपेक्षा असते. त्यासाठी माणूस बर्डीतल्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात जातो आणि दिवे १२ व्होल्टचे म्हणून टायमरही १२ व्होल्टचाच मागतो. खर्च आणि डोकेदुखी इथूनच सुरू होते. १२ व्होल्टचा टायमर दरवेळी दुकानात असतोच असं नाही, असला तर एकाच प्रकारचा असतो, आणि नाही मिळाला की लोक नाद सोडून देतात. दिवे मग रात्रभर जळत राहतात.

घरातल्या विजेवर चालणाऱ्या दिव्यांना बहुतेक वेळा १२ व्होल्टचा टायमर लागतच नाही. ड्रायव्हरच्या आधी बसणारा साधा २३० व्होल्टचा टायमर पुरतो, आणि तो स्वस्तही असतो, टिकाऊही. १२ व्होल्टचा टायमर खरोखर लागतो अशा जागा मोजक्या आहेत, त्याही पुढे सांगतो.

टायमर ड्रायव्हरच्या आधी की नंतर?

भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्ट एसी येते. ती ड्रायव्हरमध्ये जाते. त्याला कुणी अडॅप्टर म्हणतं, कुणी एसएमपीएस, तर काही वायरमन चोक. तिथून १२ व्होल्ट डीसी बाहेर पडते आणि दिव्यांकडे जाते. टायमर या वाटेवर दोनच ठिकाणी बसू शकतो, ड्रायव्हरच्या अलीकडे किंवा पलीकडे. अलीकडची जागा का चांगली, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी खरेदी यावरच ठरते.

पहिलं कारण करंट. ६० वॅटचे दिवे १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतात. तेच दिवे २३० व्होल्टच्या बाजूने बघितले तर ड्रायव्हरसकट पाव ते अर्धा अँपिअर. टायमरच्या आतल्या रिलेला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचला, अर्धा अँपिअर चालू-बंद करणं सोपं जातं. डीसीमध्ये ५ अँपिअर तोडताना कॉन्टॅक्टवर ठिणगी जास्त वेळ टिकते, कारण एसीसारखा तो करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही.

दुसरं कारण उष्णता. टायमर पलीकडे बसवला तर दिवे बंद असतानाही ड्रायव्हर चोवीस तास चालूच राहतो. रिकामा ड्रायव्हर वीज फार खात नाही, पण एक वॅट जरी खाल्ला तरी वर्षाला जवळजवळ ९ युनिट होतात. विजेपेक्षा मोठा प्रश्न ड्रायव्हरच्या आयुष्याचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पश्चिमेच्या भिंतीवरच्या बंद बॉक्समध्ये तर त्याहून बराच जास्त. ड्रायव्हरमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेनेच सुकतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतल्या दुपारी तो ड्रायव्हर पूर्ण बंद असला तर त्याला तेवढीच विश्रांती मिळते.

तिसरं कारण वायर. १२ व्होल्टची वायर लांब नेली की दिवे मंद होतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम असतो. दिवे १० मीटर दूर असतील तर जाऊन-येऊन २० मीटर वायर झाली, म्हणजे ०.३६ ओहम. ५ अँपिअरला १.८ व्होल्ट वाटेतच गेले, दिव्यांना पोचले जेमतेम १० व्होल्ट. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तरी पाऊण व्होल्ट जातोच. त्यामुळे ड्रायव्हर दिव्यांजवळ ठेवायचा, त्याच्यापर्यंत २३० व्होल्टची लाइन न्यायची, आणि टायमर घरात सावलीत, हाताला येईल अशा ठिकाणी बसवायचा. हीच रचना सगळ्यांत चांगली. बाहेर जाणारी २३० व्होल्टची लाइन मात्र पाइपातून, अर्थिंगसकट आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या (वीज गळताच लाइन तोडणाऱ्या स्विचच्या) मागेच असली पाहिजे.

आता १२ व्होल्टचा टायमर खरोखर कुठे लागतो? बॅटरी किंवा सोलरवर चालणाऱ्या दिव्यांना. एकाच ड्रायव्हरवर दोन स्ट्रिप असून त्यातली एकच वेळेवर चालवायची असेल तिथे. किंवा त्याच सप्लायवर सीसीटीव्ही कॅमेराही असेल तिथे, कारण कॅमेरा बंद करून चालणार नाही. या तीन जागा सोडल्या तर २३० चाच घ्या.

दुकानात जाण्याआधी लोड लिहून घ्या

ड्रायव्हरच्या अंगावर वॅट आणि अँपिअर छापलेले असतात. ते वाचा, आणि दिव्यांचे वॅट वेगळे मोजा. साधी ३५२८ प्रकारची, मीटरला ६० एलईडी असलेली स्ट्रिप मीटरला ४.८ वॅट खाते, म्हणजे पाच मीटरच्या रिळाला २४ वॅट. ५०५० प्रकारची तेवढ्याच एलईडीची स्ट्रिप मीटरला १४.४ वॅट खाते, म्हणजे पाच मीटरला ७२ वॅट. हा तिप्पट फरक लक्षात न घेतल्यामुळे कितीतरी ड्रायव्हर जळतात आणि दोष टायमरवर येतो. ड्रायव्हर दिव्यांच्या एकूण वॅटपेक्षा निदान २० टक्के मोठा हवा. ७२ वॅटच्या स्ट्रिपला १०० वॅटचा घ्या.

घरगुती कामात टायमरच्या क्षमतेचा प्रश्न सहसा येत नाही. १० किंवा १६ अँपिअर लिहिलेला टायमर भरपूर झाला. एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. एसएमपीएस चालू होतो त्या क्षणी त्याचे रिकामे कपॅसिटर भरतात आणि करंटचा एक मोठा झटका बसतो. १०० वॅटच्या एसएमपीएसच्या माहितीपत्रकात हा झटका ५० अँपिअरच्या आसपास लिहिलेला सापडतो. तो मिलिसेकंदापुरताच असतो, पण रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटायला तेवढं पुरतं. घरी एक-दोन ड्रायव्हर असतील तर काळजी नको. सोसायटीच्या बगिच्यात आठ-दहा ड्रायव्हर एकाच टायमरवर टाकायचे असतील तर टायमरने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा लोड झेलणारा दणकट रिले) चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने दिवे. मनीषनगर-बेसा भागातल्या नव्या सोसायट्यांच्या समित्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

बाजारात काय काय मिळतं

सगळ्यांत साधा म्हणजे प्लगमध्ये बसणारा मेकॅनिकल टायमर. गोल तबकडी, कडेला बारीक पिना. एक पिन म्हणजे १५ मिनिटं, म्हणून पूर्ण तबकडीवर ९६ पिना. जेवढा वेळ दिवा हवा तेवढ्या पिना दाबायच्या, की झालं. घरातल्या वयस्कर माणसालाही तो एकदा दाखवला की जमतो. त्याची अडचण एकच, पण ती आपल्याकडे मोठी आहे. वीज गेली की तबकडी थांबते. जूनमधल्या वादळात दोन तास वीज गेली तर टायमर दोन तास मागे पडतो, आणि दिवे सातऐवजी नऊला लागतात. इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या सॉकेटला तो लावता येत असेल तर जरूर घ्या, नाहीतर राहू द्या. घेताना पिनाही बघा. ऑनलाइन मिळणाऱ्या कित्येक मेकॅनिकल टायमरांच्या पिना युरोपातल्या सॉकेटच्या असतात. त्यांना कन्व्हर्टर लावून काम चालवू नका, सैल बसतो आणि तापतो.

माझी पहिली पसंती छोट्या डिजिटल टायमरला आहे. सीएन१०१ए या नावाचा चौकोनी, तळहातापेक्षा लहान टायमर नागपुरातही मिळतो आणि ऑनलाइनही. किंमत साधारण पाचशे-सातशेच्या घरात. पडद्यावर वार आणि वेळ दिसते, दिवसात अनेक वेळा चालू-बंद करता येतं, आणि आत छोटी बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी घड्याळ चालू राहतं. हाच टायमर १२, २४, ११० आणि २२० व्होल्ट अशा वेगवेगळ्या प्रकारांत येतो आणि सगळे दिसायला सारखेच असतात. म्हणून पेटीवर नाही, टायमरच्या अंगावर छापलेला व्होल्टेज वाचा. १२ चा टायमर २३० ला लावला तर तो त्याच क्षणी संपला.

त्याच घराण्यातला टीएचसी१५ए हा डीपीमध्ये, म्हणजे घरच्या मुख्य स्विचच्या पेटीत, एमसीबीशेजारी डिन रेल नावाच्या धातूच्या पट्टीवर बसतो. घराचं वायरिंग नव्याने होत असेल तर हा घ्या, दिसायला नीटस आणि सुरक्षित. केजी३१६टी हा मोठ्या डबीचा, दुकानाच्या पाट्यांना लावतात तो. तोही २३० व्होल्टच्या बाजूला उत्तम चालतो. पण त्याच्या आउटपुटवर इनपुटचीच २३० व्होल्ट येते, म्हणून त्यातून थेट १२ व्होल्टच्या स्ट्रिपला तार न्यायची नाही.

जीआयसी, लेग्रँड, हॅगर अशा कंपन्यांचे डिन रेल टायमर दुपटी-तिपटीने महाग पडतात. घरच्या चार दिव्यांना त्यांची गरज नाही. सोसायटीला, मंगल कार्यालयाला, दवाखान्याच्या फलकाला मात्र मी हेच घ्यायला सांगेन, कारण तिथे बिघडलेला टायमर बदलायला लगेच कुणी हजर नसतं.

वाय-फाय स्मार्ट प्लग आता हजाराच्या आत मिळतात. त्यात सूर्यास्ताची वेळ आपोआप धरण्याची सोय असते, ही त्यांची खरी ताकद. पण राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं सिग्नल फाटकापर्यंत पोचतं का, हे आधी मोबाइलवर बघा. वीज जाऊन आल्यावर प्लग कोणत्या स्थितीत राहील, याची सेटिंग ॲपमध्ये असते. ती बंद किंवा आधीची स्थिती अशी ठेवा. नाहीतर पहाटे तीनला वीज आली की अंगण उजळतं.

आणि शेवटी डे-नाइट सेन्सर, म्हणजे अंधार पडला की दिवा लावणारा एलडीआर. दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. एकटा वापरला तर तो दिवे रात्रभर जाळतो. वीज तर जातेच, शिवाय पावसाळ्यात त्या उजेडावर किड्यांचे थवे जमतात आणि समोरच्यांच्या बेडरूममध्ये रात्रभर प्रकाश जातो. पण टायमरसोबत वापरला तर त्याच्यासारखी स्वस्त आणि कामाची वस्तू नाही. तो जोडीचा उपाय पुढे येतो.

एका गोष्टीपासून सावध करतो. ऑनलाइन शंभर-दीडशे रुपयांत १२ व्होल्टचे उघडे टायमर मॉड्यूल मिळतात, हिरवा किंवा निळा बोर्ड, वर एक रिले आणि आकडे. त्यातले बहुतेक डिले टायमर असतात. बटन दाबल्यापासून इतक्या मिनिटांनी बंद, एवढंच त्यांना कळतं. संध्याकाळचे सात वाजले हे त्यांना कळत नाही, कारण आत घड्याळच नसतं. पंप किंवा मशीनला ते चांगले, आपल्या दिव्यांना नाही.

कुठे घ्यायचा आणि कसा मागायचा

सीताबर्डीत मोदी नंबर तीन या गल्लीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. १२ व्होल्टचा प्रकार, सुटे रिले, एसएमपीएस, कनेक्टर यांची चौकशी तिथे करा. २३० व्होल्टचा टायमर, डिन रेल, बॉक्स, एमसीबी हे इलेक्ट्रिकलचं सामान आहे, त्यासाठी गांधीबाग-इतवारीकडची होलसेल दुकानं गाठा. एकाच फेरीत दोन्ही करायचं असेल तर आधी बर्डी. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात जाऊ नका, दुकानदाराला बोलायला उसंत नसते. महालक्ष्म्यांच्या मखराला लायटिंग करायची असेल तरी टायमर श्रावणातच घेऊन ठेवा.

मागताना नेमकं सांगा: "भाऊ, डिजिटल टायमर दाखवा, इनपुट दोनशे तीस व्होल्ट, सोळा अँपिअरचा, बॅटरी बॅकअपवाला. एसएमपीएसच्या आधी लावायचा आहे." शेवटच्या वाक्याने दुकानदाराला काम कळतं आणि तो नको ती वस्तू पुढे करत नाही.

टायमर दुकानातच वीज देऊन बघा. मॅन्युअल बटन दाबलं की आत टिक्‌ असा रिलेचा आवाज आला पाहिजे. शक्य असेल तर दुकानदाराच्या मल्टिमीटरने कॉन्टॅक्ट जुळतो आणि सुटतो का तेही तपासून घ्या. पडदा कोरा दिसला तर घाबरू नका, आतली बॅटरी बरेच दिवस पडून उतरलेली असते, वीज दिल्यावर जागा होतो. पक्कं बिल घ्या. ऑनलाइन घेत असाल तर एकाच फोटोखाली चार व्होल्टेजचे पर्याय असतात, तिथे योग्य पर्याय निवडला का ते दोनदा बघा आणि वस्तू आल्या दिवशीच तपासा, बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत.

जोडणी

प्लगमध्ये बसणारा टायमर किंवा स्मार्ट प्लग असेल तर सांगण्यासारखं काही नाही. सॉकेटमध्ये टायमर, टायमरमध्ये अडॅप्टर. बाकीच्या सगळ्यांचं २३० व्होल्टचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. पण तो काय करतो आहे ते तुम्हाला कळायला हवं, कारण या टायमरांच्या जोडणीत एक खाच आहे आणि बरेच जण तिथेच अडतात.

सीएन१०१एसारख्या टायमरमध्ये दोन वेगळे भाग असतात. दोन टर्मिनल टायमरला स्वतःला चालण्यासाठी, फेज आणि न्यूट्रल. उरलेली टर्मिनल म्हणजे नुसता कोरा कॉन्टॅक्ट. त्यातून आपोआप वीज बाहेर येत नाही. फेजची टायमरला आलेली तार तिथूनच लूप मारून कॉन्टॅक्टच्या कॉमनवर न्यावी लागते. नॉर्मली ओपनवरून (टायमर ऑन झाल्यावरच जुळणाऱ्या टर्मिनलवरून) निघालेली तार ड्रायव्हरच्या फेजला जाते, आणि ड्रायव्हरचं न्यूट्रल थेट मुख्य न्यूट्रलला. ही लूप राहिली की पडद्यावर सगळं ठीक दिसतं, टिक्‌ आवाजही येतो, आणि दिवा मात्र लागत नाही. मग चांगला टायमर खराब म्हणून परत जातो. कोणतं टर्मिनल कशाचं, हे टायमरच्या अंगावरच्या आकृतीत असतं. तीच प्रमाण माना, दुसऱ्या मॉडेलची आकृती चालणार नाही.

काम सुरू करण्याआधी एमसीबी पाडायची आणि टेस्टरने खात्री करायची. टायमरने नेहमी फेजच तोडला पाहिजे, न्यूट्रल नाही. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत फेज-न्यूट्रल अदलाबदल झालेले बोर्ड सापडतात. तिथे टायमर बंद झाल्यावरही एलईडी अंधुक मिणमिणत राहतात. धातूच्या अंगाचा एसएमपीएस असेल तर त्याला अर्थिंग द्यायलाच हवं.

१२ व्होल्टच्या बाजूला टायमर लावायचा असेल तर रचना तीच, फक्त फेजच्या जागी प्लस आणि न्यूट्रलच्या जागी मायनस. टायमरचा कॉन्टॅक्ट डीसीला किती झेपतो हे वाचा. छोट्या रिलेवर सहसा ३० व्होल्ट डीसीला १० अँपिअर लिहिलेलं असतं, त्यातला निम्माच वापरायचा असं ठरवा. बॅटरी असेल तर प्लसच्या तारेत बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाका. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही, पण शॉर्ट झालेली बॅटरी वायर पेटवू शकते.

टायमर बाहेर ठेवणं टाळता येत नसेल तर वेदरप्रूफ पीव्हीसी बॉक्स घ्या, तारा खालच्या बाजूने ग्लँडमधून (तार घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत घ्या, आणि बॉक्स उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर सावलीत लावा. कूलरच्या शेजारी मात्र नको. चार महिने तिथे पाण्याचे तुषार उडत असतात.

प्रोग्रॅम भरणं

डिजिटल टायमर पहिल्यांदा वीज देऊन काही तास तसाच ठेवा, म्हणजे आतली बॅटरी भरेल. मग रिसेटचं बारीक भोक असतं ते टाचणीने दाबा. या प्रकारच्या बहुतेक टायमरांवर बटनांची नावं सारखीच असतात.

क्लॉकचं बटन दाबून धरा आणि तसंच धरून वार, तास, मिनिट यांची बटनं दाबत आजचा वार आणि वेळ लावा. घड्याळ चोवीस तासांचं आहे की बारा, ते इथेच बघून घ्या. बारा तासांचं असेल तर सकाळ-संध्याकाळची खूण तपासा. दिवे सकाळी सहाला लागतात अशी तक्रार आली की चूक सहसा इथेच असते.

आता पी दाबा. पडद्यावर १ ऑन येईल. समजा संध्याकाळचे ६:३० भरले. वार निवडताना सगळे वार एकत्र दिसतील असा पर्याय ठेवा. पुन्हा पी दाबा, १ ऑफ येईल, तिथे रात्रीचे १०:३० भरा. एवढंच पुरे असेल तर पुढच्या सगळ्या प्रोग्रॅमच्या जागी नुसत्या आडव्या रेघा असल्या पाहिजेत. आधीचा एखादा प्रोग्रॅम राहून गेला असेल तर सी/आर दाबून पुसा. शेवटी क्लॉक दाबून बाहेर या. काही मॉडेलांत बटनं आपोआप लॉक होतात, तिथे सी/आर चार वेळा दाबलं की कुलूप उघडतं.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. मॅन्युअल बटनाने ऑन, ऑटो, ऑफ असं फिरता येतं. टायमर ऑटोवर असला पाहिजे. पण ऑटोवर आल्यावर तो आधीची स्थिती तशीच धरून ठेवतो, पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत. दुपारी सेटिंग करत असाल तर आधी ऑफवर न्या आणि मग ऑटोवर. रात्री आठला करत असाल, म्हणजे दिवे त्या वेळी चालू हवे असतील, तर आधी ऑन आणि मग ऑटो. खात्रीसाठी दोन मिनिटांनी लागेल आणि चार मिनिटांनी विझेल असा एक प्रोग्रॅम भरून समोर उभं राहून बघा, मग तो पुसा.

नागपूरचा सूर्यास्त आणि जोडीचा उपाय

नागपुरात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या सुमारास. दीड तासाचा फरक. म्हणजे उन्हाळ्यात लावलेली वेळ दिवाळीनंतर उशिराची ठरते आणि हिवाळ्यातली वेळ मेमध्ये भर उजेडात दिवे लावते. ६० वॅटचे दिवे रोज दीड तास उगाच जळले तर महिन्याला जवळपास तीन युनिट जातात.

वेळ वर्षातून तीन-चारदा बदलणं हा एक मार्ग. अॅस्ट्रोनॉमिकल टायमर हा दुसरा. त्यात गावाचे अक्षांश-रेखांश भरले की तो रोजचा सूर्यास्त स्वतः काढतो. नागपूरसाठी २१.१५ उत्तर आणि ७९.०९ पूर्व भरायचं. पण त्याची किंमत बघता घरासाठी मी तिसरा मार्ग सुचवतो: डिजिटल टायमर आणि डे-नाइट सेन्सर एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये.

फेज आधी टायमरमध्ये, टायमरच्या आउटपुटवरून सेन्सरमध्ये, सेन्सरच्या आउटपुटवरून ड्रायव्हरमध्ये. टायमरला संध्याकाळी ५:१५ ते रात्री १०:३० अशी ऐसपैस वेळ द्या. या वेळात अंधार कधी पडला हे सेन्सर ठरवेल. डिसेंबरमध्ये दिवे सव्वासहाच्या आत लागतील, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, आणि साडेदहाला टायमर सगळं बंद करेल. पावसाळ्यात भर दुपारी आभाळ काळं झालं तरी दिवे लागणार नाहीत, कारण तेव्हा टायमर बंद असतो. दोन्ही मिळून खर्च हजाराच्या आतबाहेर राहतो.

सेन्सर घेताना न्यूट्रलची तार असलेला, तीन तारांचा रिलेवाला घ्या. दोन तारांचे सेन्सर थोडा करंट गळू देतात आणि एलईडी मिणमिणतात. कोणत्या रंगाची तार कशाची, हे त्याच्या अंगावर वाचूनच जोडा. सेन्सरवर आपल्याच दिव्याचा किंवा रस्त्यावरच्या खांबाचा उजेड पडता कामा नये. पडला तर तो दिवा लावेल, उजेड बघून विझवेल, पुन्हा लावेल.

सोलरवाल्यांनी टायमर घेण्याआधी एवढं करा

गच्चीवर पॅनेल, खाली १२ व्होल्टची बॅटरी आणि त्यावर अंगणातले दिवे अशी व्यवस्था असेल तर मधल्या चार्ज कंट्रोलरचं (पॅनेलच्या विजेने बॅटरी भरणाऱ्या डबीचं) माहितीपत्रक आधी काढा. साध्या, स्वस्त पीडब्ल्यूएम प्रकारच्या कंट्रोलरांपैकीही बऱ्याचशांत लोडचा टायमर आतच असतो. पॅनेलवरची वीज संपली की अंधार झाला हे त्याला कळतं. शून्य तास ठेवले तर रात्रभर, १ ते २३ पर्यंतचा आकडा ठेवला तर सूर्यास्तानंतर तेवढे तास, आणि २४ ठेवले तर कायम चालू, अशी मांडणी सर्रास दिसते. पाच तास भरले की काम संपलं, खर्च शून्य. दिवे बॅटरीला थेट न जोडता कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला जोडलेले असले पाहिजेत, एवढीच अट.

बिघाड आला तर

दिवे विझतच नाहीत: आधी टायमर ऑनवर अडकला नाही ना, ते बघा. पडद्यावर ऑफ दिसत असूनही दिवे चालू असतील तर रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला आहे. टायमर बदला, आणि त्यावर किती ड्रायव्हर आहेत ते पुन्हा मोजा.

ठरावीक वारीच गडबड होत असेल तर वारांचा गट चुकला आहे. रात्री बारानंतर बंद होणारा प्रोग्रॅम असेल तर बंद होण्याचा वार पुढचा धरावा लागतो, हे शनिवार-रविवारपुरते दिवे लावणारे विसरतात.

वीज जाऊन आल्यावर घड्याळ शून्यावर येत असेल तर आतली बॅटरी संपली. ही बॅटरी बोर्डवर झाळलेली असते. बर्डीत बदलून मिळते, पण स्वस्त टायमरला तेवढी मजुरी देणं परवडत नाही. नवा टायमर घेऊन जुना वीज न जाणाऱ्या, इन्व्हर्टरच्या लाइनवर वापरा.

दिवे लागतात पण थरथरतात, आणि दिवे जुन्या हॅलोजनच्या जागी बसवलेले असतील, तर दोष टायमरचा नाही. हॅलोजनसाठीच्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला चालायला किमान काही वॅटचा लोड लागतो आणि एलईडी तेवढा ओढत नाही. तिथे ट्रान्सफॉर्मर काढून एलईडीचा ड्रायव्हर लावा. पंख्याच्या रेग्युलेटरच्या किंवा डिमरच्या मागे ड्रायव्हर असेल तरी असंच होतं, त्याला सरळ स्विचवर घ्या.

घड्याळ महिन्याला एक-दोन मिनिटं पुढेमागे होणं या किमतीच्या टायमरांत चालायचंच. दर संक्रांतीला, उन्हाळा लागताना आणि दिवाळीच्या आधी एकदा वेळ जुळवा. त्याच वेळी एमसीबी पाडून टर्मिनलचे स्क्रू आवळा आणि सेन्सरवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. धुळीने झाकलेला सेन्सर दुपारी चारलाच अंधार समजतो.